मूल डोक्यावर पडलं तर टेंगळाकडे नव्हे, मुलाकडे बघा

मूल पडलं, डोकं आपटलं, की घरातले सगळे हात टेंगळाकडे धावतात. आजी खोबरेल तेलाची बाटली घेऊन येते, शेजारची मावशी गार नाणं दाबून धरायला सांगते, कुणी फुंकर घालतं. दोन मिनिटांत कपाळावर तरारून उठलेलं टेंगूळ पाहून आईच्या पोटात गोळा येतो. खरं सांगायचं तर टेंगळाच्या आकारावरून आत काय झालंय ते फारसं कळत नाही. मोठं टेंगूळ आलेलं मूल तासाभरात अंगणात धावत असतं, आणि क्वचित एखाद्या मुलाच्या डोक्याला बाहेरून ओरखडाही नसताना आत रक्तस्राव सुरू असतो. कळतं ते मुलाच्या वागण्यावरून. म्हणून काय बघायचं, किती वेळ बघायचं आणि कशाला घाबरायचं, हे मूल पडायच्या आधीच ठाऊक असलेलं बरं.

आपल्या गोव्यातली घरं मुलांना पडायला भरपूर जागा देतात. चिऱ्यांच्या पायऱ्या, पावसाळ्यात शेवाळलेलं अंगण, बसायचा सोपा, न्हाणीची ओली लादी. त्यात चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि प्रत्येकाला वाटतं की मुलावर दुसऱ्या कुणाची तरी नजर आहे. लहान मूल पडताना डोक्यावरच पडतं, याला कारण आहे. जन्मतः बाळाच्या एकूण लांबीचा साधारण चौथा भाग डोक्याचाच असतो. मोठ्या माणसात तो आठव्या भागावर येतो. वजन वर, मान अजून कोवळी, आणि पडताना हात पुढे टेकवायची सवय अंगात मुरलेली नाही. खाटेवरून कडेला सरकलेलं आठ महिन्यांचं बाळ म्हणून डोकं खाली घेऊनच येतं.

टेंगूळ म्हणजे काय, तर कातडीखाली साठलेलं रक्त आणि सूज. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि त्या आजूबाजूच्या घट्ट तंतूंनी ताणून धरलेल्या असतात. त्यामुळे फुटल्या की पटकन आकसत नाहीत, रक्त बराच वेळ झिरपत राहतं. पोटावर किंवा मांडीवर मार बसला तर रक्ताला आत मांसात पसरायला जागा मिळते. कपाळावर कातडीखाली लगेच हाड लागतं, म्हणून रक्त बाहेरच्या बाजूला फुगतं. डोक्याची छोटीशी जखमही भळाभळा वाहते ती याच जाळ्यामुळे. म्हणजे टेंगूळ असो की वाहणारी जखम, हा सगळा कारभार कवटीच्या बाहेर चाललेला असतो. मेंदू आत आहे.

टेंगळावरून हलकेच बोट फिरवलं तर आणखी एका गोष्टीने धडकी भरते. कडेला घट्ट लागतं आणि मधे मऊ, बोट आत रुतल्यासारखं होतं. कवटीच आत गेली की काय, असं वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. कडेचं रक्त गोठून घट्ट झालेलं असतं आणि मधलं अजून पातळ असतं. पण खरा खड्डा आणि हा भास यांतला फरक घरी बोटाने ठरवता येत नाही. पुन्हा पुन्हा दाबून बघू नका, शंका असली तर डॉक्टरांना दाखवा. दुसरी एक गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. कपाळावरचं टेंगूळ उतरतं आणि पापणी काळीनिळी होते. रक्त वजनाने खाली उतरलेलं असतं, एवढंच. मात्र कपाळाला मार नसताना दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं आली, किंवा कानामागे निळसर डाग उठला, तर तो कवटीच्या तळाच्या हाडाला तडा गेल्याचा संकेत असू शकतो. तेव्हा थांबायचं नाही.

टेंगळाच्या आकाराला महत्त्व कमी असलं तरी ते कुठे आलंय याला आहे, आणि तेही दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये जास्त. कपाळाचं हाड जाड आणि भक्कम असतं. कानाच्या वरचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूला चिकटून एक धमनी जाते. तिथे तडा गेला तर ती धमनी फाटू शकते. म्हणून अंगावर पिणाऱ्या, रांगणाऱ्या किंवा नुकत्याच चालायला लागलेल्या बाळाच्या कानाच्या वर, बाजूला किंवा मागे लिबलिबीत, पसरट सूज आली, तर बाळ हसत असलं तरी डॉक्टरांना दाखवायचं. कपाळावरच्या टेंगळाला तेवढी घाई लागत नाही.

आता आत काय होतं ते बघू. सुका गोटा नारळ कानाशी धरून हलवला की करवंटीच्या आत खोबरं खुळखुळतं. मेंदूही कवटीला चिकटलेला नसतो, भोवती पातळ द्रव असतो आणि तो त्यात तरंगतो. डोकं जोरात आपटून एकदम थांबलं की मेंदू आतल्या आत हिसका खातो. हिसका हलका असला तर मूल थोडा वेळ गोंधळतं, डोकं दुखतं, मळमळतं, चिडचिड होते. याला डॉक्टर कन्कशन म्हणतात. यात मेंदूचं काम काही काळ विस्कटतं, पण सीटी स्कॅनमध्ये काहीच दिसत नाही. बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात.

भीती असते ती कवटीच्या आत होणाऱ्या रक्तस्रावाची. कवटी ताणली जात नाही. आत रक्त साठू लागलं की ते मेंदूवर दाब आणतं. कधी कधी मूल पडल्यावर रडून शांत होतं, खेळतंसुद्धा, आणि काही तासांनी सुस्त व्हायला लागतं. मधला तो बरा काळच आपल्याला फसवतो. तान्ह्या बाळाची गोष्ट जरा वेगळी. त्याची टाळू भरलेली नसते आणि कवटीच्या हाडांच्या शिवणी सैल असतात, त्यामुळे दाब वाढला तरी सुरुवातीला थोडी जागा मिळते आणि लक्षणं उशिरा दिसू शकतात. पुढची टाळू साधारण एक ते दीड वर्षाच्या सुमाराला भरते. तोवर, बाळ शांत असताना त्याला उभं धरून टाळू हलक्या हाताने बघावी. ती वर फुगून ताठ झालेली असेल तर ताबडतोब इस्पितळ गाठायचं. रडताना टाळू फुगतेच, त्यावरून काही ठरवू नका.

पडल्यावरची पहिली काही मिनिटं

मूल उंचावरून पडलंय, शुद्धीवर नाही किंवा मान हलवताना कळवळतंय, तर उचलू नका. डोकं-मान आहे तशी स्थिर धरा आणि १०८ ला फोन लावा. ओकारी आली तर दोघांनी मिळून मान आणि धड एका रेषेत ठेवून कुशीवर करा. शुद्धीवर आणायला बाळाला गदागदा हलवणं तर कधीच नको. त्या हलवण्यानेच मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्या तुटतात.

यातलं काही नसेल तर उचला, जवळ घ्या. पडल्याबरोबर मोठ्याने रडणं हे चांगलं लक्षण आहे. बर्फ फडक्यात गुंडाळून टेंगळावर दहा-पंधरा मिनिटं धरा. उघडा बर्फ कातडीला लावू नका. मूल बर्फ लावूच देत नसेल तर झटापट करत बसू नका, सुजेपेक्षा त्याचं शांत होणं मोलाचं. टेंगूळ चोळून जिरवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. आजीच्या हातात माया असते, पण फुटलेल्या रक्तवाहिन्या चोळल्या की आणखी वाहतात. तेल लावायचंच असेल तर चार दिवसांनी लावा. जखम असेल तर त्यात हळद किंवा कॉफीची पूड भरू नका; ती डॉक्टरांना आधी धुऊन काढावी लागते आणि टाका घालायला उशीर होतो. स्वच्छ कापड घट्ट दाबून दहा मिनिटं धरायचं, मधे उचलून बघायचं नाही. फक्त हाड आत गेल्यासारखं दिसत असेल तर तिथे दाब देऊ नका. दुखण्यासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल चालतं. अॅस्पिरिन मुलांना देऊच नये, आणि आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मग घड्याळ बघा आणि पडल्याची वेळ कुठेतरी लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्या वेळेपासून करायचा असतो. पहिले चार ते सहा तास सर्वांत महत्त्वाचे, आणि चोवीस तास लक्ष ठेवायचं.

लक्ष कशावर? मूल काही सेकंद का होईना बेशुद्ध झालं होतं का. झटका आला का. उलट्या पुन्हा पुन्हा होताहेत का. एकदा किंवा दोनदा ओकणं लहान मुलांत रडण्याने, घाबरण्यानेही होतं. तिसरी उलटी झाली की निघायचं. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा पातळ द्रव किंवा रक्त येतंय का. एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसतेय का. हात किंवा पाय उचलताना एक बाजू मागे पडतेय का, चालताना तोल जातोय का. बोलणाऱ्या मुलाचं बोलणं असंबद्ध झालंय का, डोकं वाढत्या प्रमाणात दुखतंय का. न बोलणाऱ्या बाळाचं रडणं किरटं, न थांबणारं झालंय का, दूध नको म्हणतंय का. यातलं एकही दिसलं तर इस्पितळात जायचं, सकाळ व्हायची वाट बघायची नाही. मूल तीन महिन्यांपेक्षा लहान असेल, किंवा त्याला हिमोफिलियासारखा रक्त न गोठण्याचा आजार असेल, तर लक्षण नसलं तरी दाखवून यायचं.

रडता रडता श्वास रोखून निळं पडणारी, क्षणभर शुद्ध हरपणारी काही मुलं असतात. पडल्यावर असं झालं तर ते रडण्यामुळे की माराने, हा निवाडा घरी करू नका.

"झोपू देऊ नको हां त्याला!"

हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. त्यामागची भीती खोटी नाही. पूर्वी आत रक्तस्राव झालेलं मूल सुस्त होत गेलं की घरच्यांना ते झोपलंय असं वाटायचं, आणि ती झोप नसायची. पण झोपेमुळे मेंदूचं काही बिघडत नाही. दमून रडलेलं मूल दुपारी त्याच्या रोजच्या वेळेला झोपत असेल तर झोपू द्या. त्याला हलवून, तोंडावर पाणी मारून जागं ठेवलं तर ते चिडचिडं होईलच, आणि मग ती चिडचिड माराची की अपुऱ्या झोपेची हे डॉक्टरांनाही कळणार नाही. झोपेत त्याचा श्वास नेहमीसारखा चालतोय का, रंग नेहमीसारखा आहे का, हाताला धरलं की कूस बदलतं का, एवढं बघा. पहिल्या रात्री एक-दोनदा हाक मारून उठवा. कुरकुरून आपल्याला ढकलून पुन्हा झोपलं तर उत्तम. उठतच नसेल, किंवा उठूनही ओळखत नसेल, तर ती झोप नव्हे.

चवथीच्या दिवशी आमच्याकडे वहिनीचा अडीच वर्षांचा मुलगा सोप्यावरून खाली लादीवर पडला. कपाळावर मोठं टेंगूळ. रडून झालं आणि नंतर एक उलटी झाली. घरात एकच गलका उठला. वहिनीने मात्र कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहिलं: पडला कधी, ओकला कधी. मग तो झोपला. आम्ही आळीपाळीने शेजारी बसलो. उठल्यावर त्याने आधी नेवरी मागितली आणि मग आपली लाल मोटार कुणी घेतली म्हणून भांडण काढलं. तरी संध्याकाळी आरोग्य केंद्रात नेलं, कारण दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या गर्दीत त्याच्यावर नीट लक्ष राहिलं नसतं. डॉक्टरांनी टेंगळाला हात लावायच्या आधी वहिनीला दोन प्रश्न विचारले. किती वाजता पडला? आणि, तुम्हाला हा नेहमीसारखा वाटतोय का?

हा दुसरा प्रश्न औपचारिकता म्हणून विचारलेला नव्हता. २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात उत्तर अमेरिकेतल्या पंचवीस तातडीच्या विभागांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. डोक्याला मार लागलेल्या ४२,४१२ मुलांची पाहणी त्यात होती. सगळी अशी, की डॉक्टरांसमोर आली तेव्हा जागी होती किंवा जेमतेम सुस्त. त्यांतल्या ३७६ जणांना, म्हणजे शंभरात एकापेक्षाही कमी मुलांना, मेंदूची गंभीर इजा निघाली. शस्त्रक्रिया लागली ती ६० जणांना. आणि सीटी स्कॅन मात्र एक तृतीयांशाहून जास्त मुलांचे झाले होते. कुणाचा स्कॅन टाळता येईल हे ठरवायला त्या अभ्यासातून नियम निघाले, पेकार्न या नावाने ते ओळखले जातात. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी त्यात सहा गोष्टी तपासतात: शुद्ध नेहमीसारखी आहे का, टेंगूळ कपाळाऐवजी बाजूला किंवा मागे आहे का, पाच सेकंद किंवा जास्त बेशुद्ध होतं का, पडणं जोराचं होतं का, चाचपल्यावर कवटीला तडा गेल्याचं बोटांना जाणवतंय का, आणि आईवडिलांना मूल नेहमीसारखं वाटतंय का. आईच्या नजरेला डॉक्टरांच्या बोटांइतकीच जागा तिथे दिलेली आहे. म्हणून 'काय झालं ते सांगता येत नाही पण हा आज वेगळाच वागतोय' एवढंही वाटत असेल, तर ते डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. संकोच करू नका.

जोराचं पडणं म्हणजे किती? याच नियमांत दोन वर्षांखाली तीन फुटांहून, त्यावरच्या मुलांत पाच फुटांहून जास्त उंचीवरून पडणं हे जोराचं धरलं आहे. साधी खाट तीन फुटांच्या आत असते. स्वयंपाकाचा ओटा जवळजवळ तेवढा असतो, आणि उभ्या माणसाच्या कडेवरून सुटलेलं बाळ त्याहून उंचावरून पडतं.

इथे मला कळकळीने एक सांगायचं आहे. बाळ कडेवरून सुटतं तेव्हा ते बहुतेक वेळा आजीच्या, आत्याच्या किंवा सांभाळायला ठेवलेल्या मुलीच्या हातून सुटलेलं असतं. ती घाबरते. 'खाटेवरून पडलं' म्हणते, किंवा काहीच सांगत नाही, आणि संध्याकाळी बाळ ओकायला लागलं की आपण पोटाचं औषध देत बसतो. यात मौल्यवान तास जातात. घरात असं वातावरण ठेवा की हातून पडलं तर त्या माणसाला ते त्याच क्षणी सांगता येईल. त्या वेळी तिला एक शब्द बोलू नका. तिच्या तोंडून खरी उंची, खरी वेळ कळणं हेच बाळाचं औषध आहे.

स्कॅनचा आग्रह कितपत धरावा? "एकदा करूनच टाका डॉक्टर, मनाची शांती" असं आपण पटकन म्हणतो. सीटी स्कॅन म्हणजे क्ष-किरणच, साध्या एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त मात्रेत. वाढत्या वयात घेतलेल्या किरणोत्सर्गाने पुढे कर्करोगाचा धोका थोडा वाढतो; एका मुलापुरता तो अगदी लहान आहे, पण विनाकारण घ्यायचा कशाला? काही लहानग्यांना स्थिर ठेवायला गुंगीचं औषधही द्यावं लागतं. उलट गरज असेल तेव्हा सीटीला तोड नाही, काही मिनिटांत रक्तस्राव दिसतो, तेव्हा किरणांच्या भीतीने नाही म्हणू नका. कवटीचा साधा एक्स-रे हाडाचा तडा दाखवतो, आतलं रक्त दाखवत नाही, म्हणून 'एक्स-रे चांगला आहे' यावर निर्धास्त होता येत नाही. धोका फार नाही पण अगदी नाहीच असंही नाही, अशा मधल्या मुलांना डॉक्टर बरेचदा चार-सहा तास नजरेखाली ठेवतात. ते काहीच करत नाहीत असं वाटतं, पण हे निरीक्षण हीच तपासणी आहे.

गोव्यात आणखी एक हिशेब करावा लागतो, अंतराचा. मेंदूची शस्त्रक्रिया लागलीच तर सरकारी व्यवस्थेत बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, आपलं गोमेकॉ, हेच ठिकाण. पणजी किंवा मेरशीच्या माणसाला ते हाकेच्या अंतरावर आहे. काणकोणहून किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून तासाच्या वर लागतो, आणि जुलैतल्या रात्रीच्या पावसात त्याहून जास्त. म्हणून लांब राहणाऱ्यांनी 'अजून थोडं बघू' ही मर्यादा आखूड ठेवावी. दोन उलट्या झाल्यात आणि अंधार पडतोय, तर तिसरीची वाट न बघता जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा म्हापसा, मडगावच्या जिल्हा इस्पितळात जाऊन बसलेलं बरं. बेशुद्ध असेल, झटका आला असेल तर स्वतःच्या स्कूटरवरून नेऊ नका. १०८ च्या गाडीत प्राणवायू असतो आणि वाटेत बघणारं माणूस असतं.

घरी सोडल्यावर एक-दोन दिवस दंगामस्ती कमी, मोबाइल-टीव्ही कमी, झोप पुरेशी. हळूहळू रोजचं सुरू करायचं. शाळेत जाणाऱ्या मुलाचं डोकं दुखत असेपर्यंत सायकल, फुटबॉल, झाडावर चढणं बंद, कारण सावरत असलेल्या मेंदूला दुसरा मार जास्त बाधतो. बाईंना चिठ्ठी द्या. काही मुलं आठवडा-दोन आठवडे चिडकी राहतात, लक्ष लागत नाही. तो हट्टीपणा समजून रागावू नका. लक्षणं त्याहून लांबली तर पुन्हा दाखवा.

पडणं पूर्ण थांबवता येत नाही, थांबवूही नये. मूल पडत पडतच चालायला शिकतं. पण दोन गोष्टी टाळता येतात. एक म्हणजे मधे बसवून चालवायचा चाकांचा वॉकर. जुना लाकडी पांगुळगाडा मूल स्वतः उभं राहून ढकलायचं. या वॉकरमध्ये ते बसतं, आणि उंबरठ्यापर्यंत पोचून पायरीवरून गाडीसकट खाली जातं. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. कुणी बारशाला दिला असेल तर चाकं काढून ठेवा.

दुसरी आहे आपली रोजची स्कूटर. पुढे उभं केलेलं मूल, मागे आई, कुणाच्याच डोक्यावर नीट पट्टा लावलेलं हेल्मेट नाही, हे दृश्य आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की ते दिसतच नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर त्याला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. अंमलबजावणीला एक वर्षाची मुदत होती, ती केव्हाच संपली. मोठ्यांचं हेल्मेट मुलाच्या डोक्यावर गोल फिरतं, त्याचा उपयोग नाही. दुकानात मुलाला सोबत न्या, पट्टा लावून मान हलवायला सांगा, आणि हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं तरच घ्या.